‘चालणे’ या रकान्यातील खुणा

सिंगापुरात सेंगकांगच्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, त्या वर्षी मी वन-नॉर्थमधील एका संशोधन कार्यालयात काम करीत होते. दवाखान्यातील परिचारिकांचा वेळ कशात जातो, ते मोजायचे. दर पाच मिनिटांनी घड्याळ वाजे. त्या क्षणी परिचारिका जे करीत असेल, त्याची खूण तक्त्यातील योग्य रकान्यात करायची. दिसते तेवढेच नोंदवावे, त्यामागचे कारण नोंदवू नये, असा नियम होता. पूर्वी पुण्यात गणित शिकवीत असल्यामुळे मला तो पटलाही होता.

पूर्वेकडील एका दवाखान्यात एक वयस्क चिनी सिस्टर होत्या. निवृत्तीचे वय उलटल्यामुळे त्यांचा करार दरवर्षी नव्याने होई. मला त्या ‘टीचर’ म्हणत.

“टीचर, मी शिंकले तर कोणता रकाना?”

आठवड्याअखेर त्यांच्या बहुतेक खुणा ‘चालणे’ या रकान्यात पडल्या. तो वेळ आम्ही वाया गेलेला धरीत असू. तक्ता पाहून दवाखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, “मग यांचा करार वाढवायची गरज दिसत नाही.”

खुणा खऱ्या होत्या. बदलणे शक्य नव्हते. मी आणखी दोन दिवस मागून घेतले आणि सिस्टरांच्या मागोमाग चालू लागले.

“आता शेपटासारख्या मागे फिरणार, लाह?” तिथल्या बोलीतला हेल लावून त्या म्हणाल्या.

त्या जात प्रतीक्षालयाच्या शेवटच्या रांगेकडे. तेथील वृद्धांना फलकावरचा क्रमांक दिसत नसे, पुकारा ऐकू येत नसे. सिस्टर खांद्याला हात लावून होक्कियन या चिनी बोलीत सांगत, “आजी, तुमचा नंबर आला,” आणि त्यांना दारापर्यंत नेत. टेबलाजवळच्या माझ्या खुर्चीतून मला आठवडाभर फक्त त्यांची पाठ दिसली होती.

मी ‘रुग्णाला आणणे’ हा रकाना घालून दुसरा तक्ता केला. पहिला तसाच ठेवला. त्याखाली ‘निरीक्षकाने बसण्याची जागा चुकीची निवडली’ असे लिहून सही केली.

दोन्ही तक्ते व्यवस्थापकांकडे गेले आणि करार वर्षभरासाठी वाढला. सोबत सूचनाही आली: जागेवरून उठताना प्रत्येक वेळी सिस्टरांनी स्वतः कागदावर खूण करावी.

“नोकरी राहिली, ते बरे झाले,” त्या तो कोरा कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या. “पण आजी उभ्या राहिल्या, की मी त्यांचा हात धरू, की पेन?”

गणवेशाच्या खिशात मावेल असे एक लहान कार्ड मी त्यांना आखून दिले, आणि खुणा जेवणाच्या सुट्टीत एकदम केल्या तरी चालतील, असे सांगितले.