परत आलेला रुपया
एसटी पैनगंगेच्या पुलावर आली की खिडक्यांतून नाणी पडतात आणि मला केनियातला समुद्र आठवतो. तिथल्या शाळेत मी स्वयंसेवक होतो. दोन दिवसांच्या सुट्टीत तिथल्याच एका शिक्षकासोबत किनाऱ्यावर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी यवतमाळला आईचं ऑपरेशन होतं. धक्क्यावरून हात जोडून मी खिशातला रुपया नितळ पाण्यात टाकला. तो हातातून निसटला असं वाटून शिक्षकाने बुडी मारली आणि हसत माझ्या तळहातावर आणून ठेवला. देवाने नाकारल्यासारखं वाटलं. संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं, तर म्हणते, "बरं झालं ना बापा, तुले वापस याले भाडं ठेवलं त्यानं." परवा पुलावर शेजारी बसलेली आई म्हणाली, "टाक आता तो रुपया." मी दुसराच टाकला.