स्लॅबखाली न बसणारा

आमच्या लातूरच्या क्लासचे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस भूकंपानंतर स्लॅबखाली कधी बसलेला नाही. पत्र्याच्या छपराखालच्या आपल्या दुकानातूनच तो रिमोटनं आमचा सर्व्हर दुरुस्त करतो. त्या सकाळी मात्र कनेक्शन जोडताच रिमोटचं सॉफ्टवेअर बंद पडू लागलं, आणि तासाभरात साठ पोरांची ऑनलाइन परीक्षा होती.

"वरच यावं लागतंय का, सर?" त्यानं फोनवर तीनदा विचारलं.

शेवटी तो तिसऱ्या मजल्यावर आला. दाराखाली चप्पल कोंबून, उभ्यानंच त्यानं सर्व्हरचा बिघडलेला डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम, बदलला. रिमोट कनेक्शन उघडलं; परीक्षेत काही अडलं तर आता त्याला दुकानातून बघता येणार होतं.

"बसा की, चहा घ्या."

"न्हाई सर. पोरं आत असताना कडी लावता काय?"

"बाहेरून. शिस्त म्हणून." या शिस्तीचा आमच्या जाहिरातीत फोटोही असतो.

तो भराभर जिना उतरला.

परीक्षा सुरू झाली. क्लासच्या संचालकांनी मला कडी लावायला सांगितलं. मी उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसलो.