मथुराआत्याचा चोथा

माझी आत्या मथुराबाई पुसदच्या काढ्याच्या कारखान्यात चोथा फेकायच्या कामाले होती. काढा गाळला का उरलेला पाला अन् मुळ्या टोपल्यात भरायच्या, नाल्यात टाकायच्या. छप्पन्न साली आमी धम्म घेतला, गावची मेलेली ढोरं ओढनं सोडलं, तवा हेच काम भेटलं.

बासष्टात शेतकीचे साहेब तुरीच्या बियाले चोळायची जिवाणूची एक पुडी तिले देऊन गेले. "यात जीव आहे बाई, उष्णता लागू देऊ नका," म्हणाले. आत्याचं डोकं पाहा! शतावरीचा चोथा दिवसभर उकळलेला, त्यात दुसरं काही जितं राहत नाही. तो गार करून, गुळाचं पानी शिंपून तिनं पुडी त्यात मिसळली अन् ओल्या पोत्याखाली ठेवली. कडुलिंबाच्या चोथ्याले मात्र हात नाही लावला. जे किड्याले मारते ते यालेबी मारन, म्हने. आठ दिवसांत एका पुडीचे तीन टोपले झाले, अन् ते बियाले चोळून पेरलं तर आमच्या तुरीच्या मुळ्यांवर गाठीच गाठी! गाठी म्हंजे जिवाणू जिते, अन् तूर जोमात.

साहेब खूश. एका मोठ्या वावरात जमलं तर दहा गावांचं काम आत्याले देतो, म्हणाले. मोठं वावर पुंडलिकरावचं. त्यानं टोपलं नेलं अन् त्याची तूर पिवळी पडली. चोराच्या उलट्या बोंबा! "मथुरीनं राख देली," म्हनून गावभर सांगत फिरला.

साहेब पुन्हा आले. आत्यानं दोन्ही वावरांतली झाडं उपटून त्यांच्यापुढं टाकली. पुंडलिकरावच्या तुरीले एक गाठ नाही. साहेबांनी विचारलं, "उन्हात ठेवलं होतं का?" पुंडलिकरावची बायको इंदुताई सहज बोलून गेली, "उन्हात कायले? तिच्या हातचं ना, म्हनून कढईत भाजून घेतलं. विटाळ जाते."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हे नाकानं कांदे सोलनारे!

साहेबांनी वहीत लिहिलं, 'जिवाणू उष्णतेने मेले.' वही मिटत होते तर आत्यानं सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला. "साहेब, काहून भाजलं तेबी लिव्हा."

"ते कागदात बसत नाही, बाई."

"मंग तुमचं कामबी मले नको."

पुढं नऊ वर्षं तिनं त्याच कारखान्यात टोपले वाहिले. आमच्या लोकांले जिवाणूचा चोथा फुकट देल्ला. पुंडलिकरावनं दोनदा मानूस धाडून मागितला. दोन्ही खेपेले तिनं एकच निरोप देल्ला, "स्वतः ये, अन् माह्या हातून घे."

तो कधीच आला नाही.