माझ्या रिमोटची रेंज

आता तुमच्यापासून काय लपवायचं? फजिती माझीच आहे, तेव्हा हसा खुशाल. पण एक आधी मान्य करा. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं मेंटेनन्सला काढलेल्या माणसाला कुणी रिमोट शिकवायला जाऊ नये. बिघडलेलं मशीन मी नुसत्या आवाजावरून ओळखतो, राव!

तर झालं असं. दिवाळीला जावईबापूंनी आम्हाला नवाकोरा टीव्ही दिला. जावई हिंजवडीत, सॉफ्टवेअरमध्ये. टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, स्पीकरचा तिसरा. म्हटलं, एवढी वरात कशाला? माझ्याकडे सगळ्यांना चालणारा युनिव्हर्सल रिमोट आहे. काळेवाडीत घेतलेला, दहा वर्षं जुना. मागचं झाकण रबरबँडवर आहे, पण गडी ठणठणीत.

जावईबापू हळूच म्हणाले, "पप्पा, या टीव्हीला तो नाही चालणार."

नाही चालणार? आणि हे मला, लेकीसमोर? म्हटलं, गुरुवारी कंपनीला सुट्टी आहे, जेवायला या आणि डोळ्यांनी बघा.

गुरुवारी दोघं आले. जावईबापू मांडीवर लॅपटॉप घेऊन 'घरून काम' करत होते, म्हणजे आमच्या घरून. मी स्टूल ओढून टीव्हीसमोर बसलो. पद्धत सोपी असते. बटण दाबून धरायचं, रिमोट एकेक कोड सोडत जातो. ज्या कोडला टीव्ही बंद होईल, तिथे लगेच ओके दाबायचं. टीव्ही बंद पडला की आपण जिंकलो!

पाच मिनिटं गेली, दहा गेली, अंगठा बधिर झाला. लेक दोनदा म्हणाली, पप्पा, राहू द्या. मी कसला सोडतोय?

आणि टीव्ही बंद झाला.

ओके असं दाबलं की रबरबँड तुटला. उभा राहिलो आणि म्हणालो, "जावईबापू, याला म्हणतात अनुभव." त्यांनी लॅपटॉप बाजूला ठेवून मला चक्क हात जोडले. खोटं कशाला सांगू, छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांची काळजी वाटली.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी होत्या, मूळच्या लातूरच्या.

"भाऊजी, तुमच्याकडची बी गेली का?"

माझ्या डोक्यात टीव्हीशिवाय दुसरं काही नव्हतंच. मला वाटलं, स्क्रीन.

"गेली ना," मी म्हणालो. "मीच घालवली."

वहिनी बघतच राहिल्या. "तुमी?"

"या रिमोटनं. तुमच्याकडची पण गेली म्हणजे रेंज जरा जास्तच दिसतेय. थांबा, लगेच आणून देतो." आणि त्यांच्या उघड्या दारातून आत रिमोट रोखून मी बटण दाबलं. एकदा नाही, तीनदा.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग मिक्सरची बी आणा. चटणी अर्धीच वाटून ऱ्हायलीय."

मागून बायकोनं आठवण करून दिली की आज गुरुवार आहे आणि लाइट गेलीय. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मग आमचा पंखा कसा फिरत होता? तर पंखा, ट्यूब, वायफाय इन्व्हर्टरवर, टीव्ही तेवढा नाही. ते वायरिंग कुणी केलं म्हणून काय विचारता? मीच केलं, आणि एक नंबर केलंय!

लेक हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. जावईबापू मात्र हसले नाहीत, चांगल्या घरचे आहेत. त्यांनी फक्त लॅपटॉप उचलून तोंडासमोर धरला. लॅपटॉप बराच वेळ हलत होता.

तेव्हापासून ते मला फार मान देतात. तिकडे हिंजवडीत लाइट गेली की आधी फोन मला येतो. "पप्पा, आमच्याकडची गेलीय. रिमोट जरा इकडे वळवता का?"

आणि काय सांगू तुम्हाला, मी खिडकीत जाऊन वळवतो.