एकाच दोरीवरचे कपडे

ती केस आठवली की आजही मान खाली जाते. शाबासकी मिळालेल्या तपासांबद्दल मी चारचौघांत पुष्कळ बोललो आहे. याही तपासाला शाबासकी मिळाली होती, आणि म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकहून माझी बदली इगतपुरीकडच्या एका ठाण्यात झाली होती. भातलावणीचे दिवस होते, पाऊस आठ-आठ दिवस उघडत नसे. एका सकाळी शेताच्या बांधाजवळ एका शेतकऱ्याचं प्रेत सापडलं. डोक्यात मार होता, सदरा रक्ताने आणि पाण्याने भिजलेला. बांधावरून चुलतभावाशी त्याचं वाकडं होतं, हे गावाने न विचारताच सांगितलं. दुपारी खबऱ्याने बातमी आणली की तो चुलतभाऊ सकाळीच ओढ्यावर शर्ट धूत होता. भर पावसात शर्ट कोण धुतं? मी शहरात वाढलेला माणूस. लावणी करणारा रोज चिखलाने माखतो आणि रोज कपडे धुतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

त्याला ठाण्यात आणला, पंचांसमक्ष शर्ट जप्त केला. दोन दिवस चौकशी चालली. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटले. तो एकच सांगत राहिला.

"साहेब, आमचं भांडान हाय, खोटं कशाला बोलू? पण मी त्याच्या अंगाला हात लावला नाय."

खोटं बोलणारा आधी भांडणच नाकारतो, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. त्या दिवशी ते आठवणं सोयीचं नव्हतं.

डीएनए तपासणी तेव्हा आमच्याकडे नवी होती. वरून सूचना आली होती की रक्ताचे कपडे ओले पाठवू नयेत, प्लॅस्टिकमध्ये बांधू नयेत, सावलीत वाळवून कागदात गुंडाळावेत. पण त्या पावसात कपडा वाळणार कुठे? मुद्देमालाच्या खोलीत एकच पंखा आणि त्याखाली एकच दोरी. हवालदाराने मयताचा सदरा आणि संशयिताचा शर्ट शेजारी-शेजारी टांगले. वाऱ्याने ते तीन दिवस एकमेकांना लागत होते. मी रोज आत डोकावत होतो, वाळले का एवढंच बघत होतो.

अहवाल आला. शर्टावरच्या डागात मयताचंच रक्त होतं. वरिष्ठांनी कौतुक केलं, मी दोषारोपपत्र दाखल केलं, आणि तो माणूस तुरुंगात राहिला.

चार-पाच महिन्यांनी नाशिकला एका प्रशिक्षणाला गेलो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एक बाई शिकवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला कणभर डीएनए पुरतो, यंत्रात त्याच्या लाखो प्रती काढतो. पण दुसऱ्याचा कण चुकून लागला असेल, तर त्याच्याही प्रती निघतात. डाग कुणाचा ते आम्ही सांगू. तो तिथे कसा आला, ते तुम्हाला माहीत असायला हवं."

मी ते वहीत उतरवून घेत होतो. लिहिता लिहिता हात थांबला. एकाच दोरीवर एकमेकांना लागणारे ते दोन कपडे डोळ्यांसमोर आले.

त्याच आठवड्यात त्या चुलतभावाचा जामीन अर्ज आला. आई अंथरुणाला खिळली आहे, असं कारण होतं. सरकारी वकिलांना मी सगळं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. अहवालावर बोट ठेवून जामिनाला विरोध केला, खाली सही माझीच. कोर्टात काय ते होईल, अशी मनाची समजूत घातली. हवालदाराला म्हणालो, विचारलं तरच बोल. त्याने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. महिन्याभरात ती म्हातारी गेली.

खटल्यात बचावाच्या वकिलांनी कपडे कुठे वाळवले ते विचारलंच. हवालदाराने क्षणभरही न थांबता "एकाच दोरीवर" असं सांगून टाकलं. मला त्याचा राग आला, आणि त्या रागाचीही आता लाज वाटते. तो माणूस निर्दोष सुटला. खून कुणी केला ते कधीच समजलं नाही, कारण अहवाल हातात पडल्यावर मी दुसऱ्या कुणाचा शोधच घेतला नव्हता.

पुढे नव्या अधिकाऱ्यांना मी शिकवत असे की प्रत्येक कपडा वेगळा ठेवा, वेगळा वाळवा. ते बरोबरच आहे. पण कपडे टांगताना झाली ती चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. नाशिकहून परतल्यावर मी गप्प बसलो तो गुन्हा होता, आणि तो मी जाणूनबुजून केला. वर्गात हा भाग मी कधी सांगितला नाही.

निकालाच्या दिवशी सुटलेला तो माणूस कोर्टाच्या आवारात माझ्याजवळ आला. शिव्या देईल असं वाटलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, आजारी पडायच्या आधी आई जेलात आली व्हती. इचारत व्हती, त्याचं रगात तुझ्या शर्टावर आलंच कसं? मला काय सांगता येईना. मला खुनी समजूनच गेली ती."

तपासणीत काहीतरी गडबड झाली, एवढंच त्याला कळलं होतं. आई जिवंत असतानाच मला उत्तर माहीत होतं, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही. सुटलास ते बरं झालं, असं काहीतरी पुटपुटलो आणि जीपमध्ये जाऊन बसलो.