अण्णांनी जोडलेला बोल्ट

मी ठाणेदार असताना आलेली त्या दोघा भावांची केस विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. दोघंही येरमाळ्याजवळचे, मिलिटरीतून रिटायर झालेले, परवान्याच्या एकसारख्या रायफली घेऊन सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे. गोळीबाराच्या सरावात थोरल्याच्या रायफलीत काडतूस फुटलं आणि पितळेचे तुकडे त्याच्या गालात घुसले. डोळा थोडक्यात वाचला.

दुसऱ्याच दिवशी गावातून खबर आली. "साहेब, बांधावरनं दोघांत कुरबुर हाय. धाकट्यानंच बंदुकीत कायतरी केलंय." बांधाची कुरबुर नाही असं घर आमच्या जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. तरी खबर ती खबर. स्टेशन डायरीला नोंद घेतली, पंचनामा करून दोन्ही रायफली ताब्यात घेतल्या आणि धाकट्याला बोलावलं. खबर खरी निघाली असती, तर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागून गडी तुरुंगात गेला असता.

चौकशीत तो मान खाली घालून बसला. चहासुद्धा घेईना. "अण्णांचा डोळा कसा हाय?" एवढंच विचारी. मला रागच आला. अरे बाबा, स्वतःपुरतं तरी बोल! पण गुन्हेगार आधी स्वतःची कातडी वाचवतो, हा माझा अनुभव. हा भावाचीच काळजी करत बसला होता.

मुख्यालयातून आर्मोरर, म्हणजे शस्त्रं तपासणारे हवालदार, बोलावले. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा; तो बंद केल्यावर त्याच्या तोंडाशी काडतुसाला किती मोकळीक राहते, ते म्हणजे हेडस्पेस. ते जास्त झालं, की काडतूस फुटू शकतं. ते डोळ्यांना कळत नाही, गेज, म्हणजे मापाचा तुकडा, घालूनच बघावं लागतं. 'गो' या लहान गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, 'नो-गो' या मोठ्या गेजवर होता कामा नये. रायफली रिकाम्या असल्याची खात्री करून हवालदारांनी हलक्या हातानं, जराही जोर न लावता तपासणी केली. थोरल्याचा बोल्ट 'नो-गो'वरही आरामात बंद झाला. धाकट्याचा 'गो'वरसुद्धा बसेना. बोल्टची अदलाबदल केली, तशा दोन्ही रायफली बरोबर आल्या. बोल्टवरचे झिजलेले नंबर भिंगातून पाहिले, तेही आता आपापल्या रायफलीच्या नंबराशी जुळले.

"बोल्ट कुणी बदलले?" मी विचारलं. धाकट्याला रडू फुटलं.

"खंडेनवमीच्या पूजेआधी दोन्ही बंदुका अण्णाच खोलत्यात, तेल लावून जोडत्यात. दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत. अन् पूजेच्या दिवशी चष्मा लावायची लाज वाटती त्यांना. तवापासनं माझा बोल्ट जड बसत हुता. पण अण्णांनी जोडल्यालाला नाव कसं ठेवू? अन् आता बोललो, तर त्यांचा परवाना जाईल, नोकरी जाईल."

थोरल्याचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा धाकट्यालाही सोबत नेलं. सगळं ऐकून घेतल्यावर थोरला गालावरची पट्टी सांभाळत म्हणाला, "येड्या, लहानाचा मोठा केला तुला. पर माझी चूक मला दाखवायची, एवढं शिकवायचं राहिलंच बघ."

केस अपघात म्हणून मिटली. दोघंही मला फार आवडले, हे कबूल करतो. पण त्यानंतर ठाण्यात जो मला सगळ्यात जास्त मान द्यायचा, त्यालाच मी बाजूला घेऊन विचारू लागलो, "माझं काय चुकतंय, सांग." बहुतेक जण म्हणत, "काही नाही साहेब." तेव्हा मला धाकट्याचा तो जड बसणारा बोल्ट आठवायचा.