जेवायच्या वेळची गळती

डेल्फिना उर्कीदेसनं शाळेत असतानाच मावशीचा फ्रिज खोलला होता. मावशीकडे थोरल्या बहिणीच्या पंधराव्या वाढदिवसाची धामधूम, अंगणात मांस भाजायला लावलेलं आणि ही पाना घेऊन फ्रिजमागे बसलेली. आतला तीनमजली केक उभ्या उभ्या खचला. "गारवा येतो कुठून ते बघत होते," एवढंच ती म्हणाली. बहीण अजून त्यावरून तिला टोमणे मारते.

वाळवंटातल्या टूसॉन शहराच्या दक्षिण भागात तिचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज आणि त्याला लागून माझं टायरचं दुकान. विजेच्या गाड्या दिसू लागल्या तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. आम्ही बाकीचे म्हणालो, ही नसती कटकट नको. ती मात्र कॉलेजात जाऊन वर्ग करून आली.

"त्या कॉम्प्रेसरच्या पोटातच मोटर असते, रोखे," ती मला सांगायची. "तेलसुद्धा वेगळं लागतं, विजेला न जुमानणारं. भलतंच घातलंस तर गेली गाडी."

"मी टायर विकतो, बाई," मी म्हणायचो. पण ऐकावं लागायचंच.

गेल्या जूनमध्ये लोरिंडा अँटोन तिच्याकडे आली. लोरिंडा इथल्या मूळच्या टोहोनो ओडम लोकांतली, नर्स. वाळवंटातल्या वस्त्यांवर घरोघर फिरून म्हाताऱ्यांची साखर तपासणारी. तिच्या विजेच्या गाडीचा एसी दोनदा भरून झाला होता आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांत गरम हवा फेकू लागला होता.

"तुम्हीपण गॅस भरून द्या, म्हणजे मी सुटले," लोरिंडा म्हणाली.

"फुग्याला भोक असताना हवा भरू? भोक कुठंय ते बघू आधी."

डेल्फिनानं गाडीची मोठी वीज तोडली, उरलेला गॅस यंत्रानं ओढून घेतला आणि नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला. दुसऱ्या सकाळी दाबाचा काटा होता तिथंच. साबणाच्या पाण्याला बुडबुडा नाही. आधीच्या गॅरेजवाल्यानं गळती दिसावी म्हणून नळ्यांत चमकणारा रंग सोडला होता, पण जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखाली तोही कुठं दिसेना.

"गळत नाहीये," मी म्हणालो.

"मग गॅस काय चालत गेला?" ती माझ्यावर खेकसली. पण चेहरा खुलला होता. अडलेलं काम तिला मनापासून आवडतं.

तिनं पुन्हा गॅस भरला, लोरिंडाला समोर बसवलं आणि विचारलं, "गाडीचं राहू दे, पोरी. तुझा दिवस कसा जातो ते सांग."

लोरिंडा सांगू लागली. पहाटे निघते. दुपारी हायवेवरच्या चार्जिंगपाशी थांबते, तिथं गाडी झटपट चार्ज होते, तेवढ्यात जेवून घेते.

"तेव्हा गाडी गप्प असते?"

"छे हो! अशी गुरगुरते, की शेजारचे वळून बघतात."

डेल्फिना उठलीच. "चल, आज मला जेवायला ने."

मला दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि त्या चार्जिंगशेजारी बरीतो चांगले मिळतात, म्हणून मीही गेलो. मी खात उभा होतो आणि ही बाई तापलेल्या जमिनीवर पुठ्ठा टाकून गाडीखाली सरकलेली. हातात गॅस हुंगणारं यंत्र.

"अहो, भाजाल!" लोरिंडा ओरडली.

"गप्प बसा दोघं. ऐकू दे."

झटपट चार्ज होताना बॅटरी तापते. तिला गार ठेवायला एसीचा कॉम्प्रेसर उभ्या गाडीत पूर्ण जोरानं फिरतो. त्या थरथरीनं बॅटरीकडे जाणारी एक नळी हादरत होती. डेल्फिनानं यंत्र तिथं नेलं आणि ते किंचाळायला लागलं.

गॅरेजात परतल्यावर तिनं ती नळी धरून ठेवणारी पट्टी सोडली. तिच्याखाली नळी घासून पातळ झाली होती आणि केसाएवढी चीर पडली होती. गाडी शांत असली की पट्टीच ती चीर दाबून धरायची, रंगही तिच्याआड राहायचा. नळी हादरली की चीर उघडायची.

"म्हणजे मी जेवायला बसले की ही गळणार!" लोरिंडा हसायला लागली.

नवी नळी येईपर्यंत लोरिंडा डेल्फिनाचा जुना पिकअप घेऊन फिरली. नळी आल्यावर नवे वायसर, योग्य ते तेल, मग सगळी हवा खेचून गॅस वजनावर भरला. पुन्हा चार्जिंगपाशी जाऊन तपासलं. यंत्र गप्प.

पण डेल्फिनाचं समाधान होईना. पट्टीखाली रबराची गादी असायला हवी होती. ती गेली कुठं? तिनं गाडीच्या पोटाखालचा पत्रा उतरवला, तर आत कॅक्टसचे काटेरी तुकडे, मेस्कीटच्या रानझाडाच्या शेंगा आणि त्यात कुरतडलेलं रबर. रानउंदरानं घर थाटलं होतं.

"आमची आजी असल्या घरट्यांतून शेंगा काढून आणायची," लोरिंडा म्हणाली. "त्याच्यासाठी थोड्या ठेवायची मात्र."

डेल्फिनानं एक शेंग उचलून हुंगली. "शेंगा समजल्या. पण रबर कशाला हवं मेल्याला?"

"त्यालाच विचारा."

लोरिंडाची गाडी ऑक्टोबर उजाडला तरी गार हवा देत होती. मला मात्र आता रोज दुपारी उंदरांबद्दल ऐकावं लागतं.